दादाने ऐकून घेतलेला कॉम्प्युटर

मिलिंददादाची नजर पुरती गेली त्या वर्षी आमच्या घरात हार्मोनियम आलं. कुम्हारीच्या मोठ्या बाबांनी, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाने, ते बसमध्ये मांडीवर धरून आणलं होतं. दादा तेव्हा सतरा वर्षांचा होता. मोठ्या बाबांनी पेटी त्याच्या पुढ्यात ठेवली, त्याची बोटं पट्ट्यांवर टेकवली आणि म्हणाले, "आता हेच तुहे डोळे, बेटा." दादाने दोन-तीन सूर वाजवले, भात्यावरचा हात काढून घेतला आणि शांतपणे विचारलं, "मोठे बाबा, मले गाता येत नाही. डोळे होते तवाही येत नव्हतं. आंधळ्याले गाता यायलेच पायजे का?" आईने त्याला दटावलं. मोठे बाबा हिरमुसले, दोन कप चहा पिऊन परत गेले. पण त्यांचं एकट्याचं काय चुकलं? पुढे दोन वर्षं जो कोणी आमच्याकडे येई तो याला गाणं शिकवा, तबला शिकवा असं सांगून जाई. दादा ऐकून घेई आणि पाहुणा फाटकाबाहेर पडला की मला विचारी, "गेला का तो?" आणि मग त्या पाहुण्याच्या आवाजात तोच सल्ला पुन्हा मला देई. नकला तो फार सुंदर करायचा. गाणं सोडून सगळं त्याच्या कानात होतं.

आम्ही भिलाईला स्टील प्लांटच्या क्वार्टरमध्ये राहायचो. दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात मुनग्याचं, म्हणजे शेवग्याचं, झाड. बाबा रोलिंग मिलमध्ये होते, आणि इतकी वर्षं त्या धडधडाटात काढून त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं. त्यामुळे ते घरातही मिलमध्ये बोलावं तसंच बोलत. आई त्यांना त्याच पट्टीत उत्तर देई. शेजारच्या साहूंना सुरुवातीला वाटायचं की या मराठी लोकांचं रोज भांडण चालतं. प्रत्यक्षात आत एवढंच चाललेलं असायचं की वांग्याच्या भाजीत मुनग्याच्या शेंगा टाकायच्या का नाही. सकाळी आईची बुद्धवंदना, मग कुकरच्या शिट्ट्या, मग बाबांच्या स्कूटरला बसणाऱ्या किका, सहाव्या-सातव्या किकला ती सुरू व्हायची. या सगळ्या गोंगाटात हळू बोलणारा एकटा दादा होता. लहानपणापासून त्याला दिवेलागणीला दिसत नसे. मग दिवसाही आजूबाजूचं दिसेनासं झालं, नळीतून बघावं तेवढंच समोरचं उरलं, आणि ती नळीही वर्षावर्षाने बारीक होत गेली. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, यावर औषध नाही. त्यामुळे आमच्या घरात रडारड अशी एका दिवशी झाली नाही. ती थोडी थोडी होत राहिली.

दादा तेरा-चौदा वर्षांचा असताना बाबांनी बदली होऊन जाणाऱ्या एका साहेबांकडून टीव्हीला जोडायचा गेमचा डबा घेतला होता. त्याच्यासोबत हातात धरून बटणं दाबायचे दोन पॅड आणि एक मारामारीच्या खेळाची डिस्क आली. त्या खेळातल्या माणसांची नावं परदेशी होती, ती आम्हाला उच्चारता येत नव्हती, म्हणून आम्ही आपली नावं ठेवली. पहेलवान, लाठीवाला, घुंगरूवाली. ब्लॉकमधली पोरं संध्याकाळी आमच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर जमायची. दादाची नजर जशी बारीक होत गेली तसा तो, कोणालाही न सांगता, त्या खेळाचे आवाज पाठ करत गेला. प्रत्येक माणसाच्या प्रत्येक फटक्याचा आवाज वेगळा. उडी मारताना वेगळा, जमिनीवर पाय टेकताना वेगळा. समोरचा डावीकडे असला तर आवाज डाव्या स्पीकरमधून येतो, उजवीकडे गेला की उजव्या. जेव्हा त्याला पडदा दिसेनासा झाला तेव्हा पोरांना ते कळलंसुद्धा नाही, कारण तो जिंकतच होता. कळल्यावर मात्र टाउनशिपच्या बाकीच्या सेक्टरांतूनही मुलं त्याच्याशी खेळायला येऊ लागली. हरून जायची. शाळा सुटली, सायकल सुटली, क्रिकेट सुटलं, पण त्या सतरंजीवर तो सगळ्यांच्या बरोबरीचा होता. मला वाटतं, त्याने स्वतःला तेवढ्या एका जागी टिकवून धरलं होतं.

मग डबा बिघडला. आतलं डिस्क वाचणारं भिंग निकामी झालं. जवळच्या सुपेला बाजारातल्या एका मिस्त्रीने ते दोनदा साफ करून दिलं, तिसऱ्या वेळी त्याने हात जोडले. तसला डबा नवा मिळेना, जुना मिळाला तोही महिनाभरात गेला. पोरं दोन-चार दिवस आली, गप्पा मारून गेली, मग येईनाशी झाली. त्यांचंही बरोबर होतं, त्यांना बसून काय करायचं होतं? दादा दिवसचे दिवस पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहू लागला. नकला बंद झाल्या. आई जेवायला हाक मारी, तर म्हणे, "ठेवून दे." बाबांनी तेव्हा नागपूरच्या एका निवासी केंद्राचा फॉर्म आणला. तिथे अंध मुलांना खुर्च्या विणायला शिकवत. काम वाईट नव्हतं, आणि बाबा काही त्याला घालवून देत नव्हते, ते आपल्या परीने त्याच्या पुढच्या आयुष्याचा विचार करत होते. त्यांनी दादाला फॉर्म वाचून दाखवला. मला वाटलं दादा हार्मोनियमच्या वेळी बोलला तसं काहीतरी बोलेल. पण तो म्हणाला, "पाठवा." एवढंच. कोणी त्याला उद्या विहिरीत पाठवतो म्हटलं असतं तरी तो त्याच आवाजात "पाठवा" म्हणाला असता. त्या शब्दाने मी घाबरले. आजही, पस्तिशी ओलांडल्यावर, तो आवाज आठवला की मी हातातलं काम थांबवते.

मला त्याच उन्हाळ्यात भिलाईतच इंजिनीअरिंगला प्रवेश मिळाला होता आणि बाबांनी शब्द दिला होता की कॉलेज सुरू व्हायच्या आधी घरात कॉम्प्युटर येईल. शेजारचा डोमन साहू, दादाच्याच वयाचा आणि त्याच्यासमोर कधीकधी जिंकू शकणारा एकमेव मुलगा, एक दिवस फाटकाशी उभा राहून मला म्हणाला की आता कॉम्प्युटरवरही ते खेळ चालतात. एम्युलेटर नावाचा प्रोग्राम असतो, तो कॉम्प्युटरला त्या डब्याचं सोंग घ्यायला लावतो. त्याच्या मोठ्या भावाच्या कॉम्प्युटरवर त्याने तो टाकला होता. मी आमची डिस्क घेतली, दादाला हाताला धरून साहूंच्या घरी नेलं. खेळ सुरू झाला. चित्र दिसत होतं, थोडं संथ, पण दिसत होतं. डोमन खूश, मी खूश. दादाने मिनिटभर ऐकलं आणि पॅड खाली ठेवलं.

"हे तुटून राहिलं," तो म्हणाला.

"काय तुटलं? चालून तर राहिला," मी म्हटलं.

"तुले चालताना दिसून राहिला. मले ऐकू येत नाही. आवाजात भोकं पडले आहेत, प्रज्ञा. भोकात काय झालं ते मले कसं समजणार?"

परत येताना तो माझ्या खांद्यावर हात ठेवून चालत होता. त्या वीस पावलांत मी ठरवून टाकलं. खेळ नुसता चालून उपयोग नव्हता. तो पूर्ण वेगाने, एकही ठोका न चुकवता चालायला हवा होता. डोळस माणसाला चित्र थोडं अडखळलं तरी चालतं, डोळा मधलं भरून घेतो. कानाला तसं भरून घेता येत नाही. म्हणजे घरी येणारा कॉम्प्युटर असा हवा की त्याने सोंग घेतलंय हे दादाच्या कानालाही कळू नये.

मला कॉम्प्युटरमधलं काही म्हणजे काही येत नव्हतं. बाजारातल्या सायबर कॅफेत मी रोज दुपारी एक तास बसू लागले. आईला सांगायचे, कॉलेजचं काम आहे. जगभरातले लोक एम्युलेटरबद्दल लिहीत, कोणाचा कोणत्या प्रोसेसरवर किती वेगात चालतो, कोणाचा अडकतो, ते मी दोनशे पानी वहीत उतरवून आणायचे आणि रात्रीच्या जेवणाआधी त्याचा अर्थ लावत बसायचे. पहिला आठवडा तर शब्दच कळले नाहीत. मग हळूहळू एक गोष्ट ध्यानात आली. दुकानदार तेव्हा चार कोरवाला प्रोसेसर सगळ्यांत भारी म्हणून विकायचे. चार कोर म्हणजे एका कारखान्यात चार कामगार. पण एम्युलेटरचं जड काम दोघांतच वाटलं जाई, उरलेले दोघे नुसते उभे. आणि त्या काळच्या आमच्या आवाक्यातल्या चार कोरवाल्यात प्रत्येक कामगार जरा संथ असे. दोन कोरवाला, पण प्रत्येक कोर जास्त वेगाचा, असा घेतला तर खेळ पूर्ण वेगाने पळे. ग्राफिक्स कार्ड मध्यम चालणार होतं, कारण चित्र मोठं आणि तुकतुकीत करायचं असेल तरच महागडं लागतं, आणि आमच्या खेळाडूला चित्राशी कर्तव्य नव्हतं. मॉनिटरही जुना, मागे पोट असलेला, चालणार होता. वाचलेले पैसे वेगवान प्रोसेसरवर, नीट पंख्यावर आणि हेडफोनवर घालायचे. मी हे सगळं वहीच्या मधल्या पानावर लिहिलं आणि बाबांना मात्र सांगितलं, "कॉलेजसाठी असा लागतो."

हे खोटं होतं. बाबांनी आयुष्यात मला एकदाही खोटं सांगितलं नव्हतं, आणि मी त्यांना ते जेवताना, त्यांच्या ताटात भाकर वाढता वाढता सांगितलं.

बाबांच्या सुट्टीच्या दिवशी आम्ही सिविक सेंटरच्या बाजारात गेलो. बाबा आणि दादा स्कूटरवर, मी मागून सायकलने. दादाला घेऊ या, तेवढंच बाहेर पडणं होईल, असं मीच सुचवलं होतं. माझ्या पिशवीत वही, डिस्क, एम्युलेटर भरलेला पेन ड्राइव्ह आणि डोमनकडून मागून आणलेले हेडफोन होते. जुनं पॅड कॉम्प्युटरला जोडायची वायरही होती. तिथल्या पहिल्या मजल्यावरच्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात गोरा, हसतमुख मालक होता. बाबांनी इंजिनीअरिंगचं नाव काढताच त्याने चार कोरवालं मशीन पुढे केलं, सोबत मोठं ग्राफिक्स कार्ड आणि पातळ, रुंद मॉनिटर. "बेटी चार साल कुछ बदलना नहीं पड़ेगा," तो म्हणाला. मॉनिटर खरोखर देखणा होता. माझाही जीव थोडा त्याच्यात गुंतला, ते कशाला नाकारू? बाबांनी मान डोलावली आणि खिशाकडे हात नेला.

मी म्हटलं, "बाबा, थांबा. मले दोन कोरवाला पायजे."

"कमी कावून घेतं? मी नाही म्हटलं का तुले?"

मालक हसून म्हणाला की बच्ची को किसी ने उलटा बता दिया है. मी वही काढली. मी सगळं वाचून दाखवलं. बाबांना ते कितपत ऐकू गेलं आणि कितपत समजलं, कोणास ठाऊक. ते वहीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत होते. "हे कॉलेजचं आहे का?" त्यांनी विचारलं.

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. दादा स्टुलावर बसलेला होता. त्याला तर मी काहीच सांगितलं नव्हतं, उगाच आशा लावायची नव्हती म्हणून. आता बोलण्यावाचून सुटका नव्हती. "नाही," मी म्हटलं. "कॉलेजचं काम कोणत्याही मशीनवर होते. हे दादाच्या खेळासाठी आहे. मी तुमाले खोटं सांगितलं, बाबा."

बाबांच्या आधी दादाच बोलला. "पागल झाली का व तू? तुहा कॉम्प्युटर आहे तो. तुह्या अभ्यासाचा."

"माहा आहे तर मी ठरवीन," मी म्हटलं, आणि मालकाला विनंती केली की एकदा दोन्ही मशीनवर हा खेळ चालवून बघू द्या. मालकाला गंमत वाटली असावी. त्याने दोन्ही मशीनं टेबलावर मांडली. आधी चार कोरवालं लावलं. त्या रुंद पडद्यावर खेळ असा काही उजळला की बाकीची गिऱ्हाइकंही जवळ आली. "देखिए, मक्खन," मालक म्हणाला. मलाही लोण्यासारखंच दिसत होतं, म्हणजे वहीत लिहिलेलं खोटं ठरत होतं. दादाने हेडफोन लावले, पॅड हातात घेतलं. थोड्या वेळाने म्हणाला, "कान उलटे आहेत." मी बघितलं तर खरंच, डावा हेडफोन उजवीकडे गेला होता. मी तो फिरवून दिला. तो पुन्हा खेळू लागला. त्याच्या कपाळावर आठी आली.

"भोकं नाहीत. पण लांबून राहिलं," तो म्हणाला. "पहेलवान पडला का धप् व्हायले पायजे. हे धप्प्प होते. ओढून लांब केल्यासारखं."

मी पडद्याच्या कोपऱ्यात बघितलं. तिथे सेकंदाला किती चित्रं होतात तो आकडा असतो. साठ हवीत, तिथे पन्नासच्या आसपास खालीवर होत होतं. एम्युलेटर मागे पडत होता आणि ते लपवायला आवाज ताणत होता. दुकानातल्या पाच डोळस माणसांपैकी एकालाही ते दिसलं नव्हतं. मग दोन कोरवालं लावलं. जुना, पोटवाला मॉनिटर, लहान चित्र. दादाने ऐकायला सुरुवात केली आणि त्याचे अंगठे एकदम मोकळे झाले. घुंगरूवालीच्या उड्यांमागून उड्या. दोन महिन्यांनी मी त्याला ताठ बसलेला बघत होते.

मालकाला ते पटेना. त्याने दादाला न सांगता हेडफोन पुन्हा पहिल्या मशीनला लावले, मग दुसऱ्याला, मग मुद्दाम परत दुसऱ्यालाच. प्रत्येक वेळी दादाने काही सेकंदांत सांगितलं. "हे लांबणारं." "हे बरोबर." "हे तेच आहे, तुमी बदललंच नाही." मालकाने शेवटी कानाची पाळी धरली आणि म्हणाला, "भैया, मेरे यहाँ नौकरी कर लो." गिऱ्हाइकं हसली. बाबा हसले नाहीत. ते दादाच्या अगदी जवळ जाऊन उभे राहिले आणि त्यांच्या मानाने हळू आवाजात विचारलं, "कसं समजते तुले?"

"ती उडी मारते तवा मी मनात मोजतो, बाबा. पाय टेकायची वेळ होते आणि पाय टेकत नाही. मग समजते का मशीन मागं राहिली."

बाबा मग बोलले ते माझ्याशी किंवा दादाशी नाही, मालकाशी. त्यांच्या त्या मोडक्या हिंदीत सांगत होते की मिलमध्ये गिअरबॉक्स बिघडायच्या आधी आवाज बदलतो, आठ-आठ दिवस आधी, आणि त्यांच्या उमेदीत ते नुसतं ऐकून सांगायचे की कुठलं बेअरिंग जाणार. इंजिनीअर हसायचे. मग बेअरिंग जायचं. "अब मेरे को नहीं सुनाई देता," ते म्हणाले. "इसको देता है." आणि मग माझ्याकडे वळून, "पुन्हा खोटं नको बोलजो. मागितलं असतं तर दिलं असतं." मला ते खरं वाटत नाही. त्या दिवसाआधी मागितलं असतं तर त्यांनी दिलं नसतं, त्यांनाही ते ठाऊक असावं. पण मी मान खाली घालून "हो" म्हटलं. दोन कोरवालं मशीन बांधून झालं.

तो जुना पोटवाला मॉनिटर मला चार वर्षं पुरला. संध्याकाळी डोळ्यांतून पाणी यायचं. इंजिनीअरिंगची ड्रॉइंगं त्याच्यावर काढताना मी त्या देखण्या रुंद पडद्याची आठवण काढली नाही असं नाही. आता माझ्या मुलीच्या फोनमध्ये तोच खेळ चालतो, एकही ठोका न चुकवता. तिला मी ही वही दाखवली तेव्हा ती म्हणाली, एवढं सगळं एका गेमसाठी? मला तिला नीट सांगता आलं नाही. नागपूरचा फॉर्म कपाटात तसाच राहिला, हे मात्र सांगितलं. त्याच मशीनवर पुढे दादाने पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम शिकून घेतला, बारावी केली, पदवी केली, आणि आज तो रायपूरला एका ऑफिसात फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकतो. पण हे सगळं नंतरचं, आणि त्यातलं काही माझ्या मनात नव्हतं. मी फक्त भोकं बुजवायला निघाले होते.

मशीन घरी आल्यावर एक अडचण उन्हाची झाली. पाऊस लांबला होता, जूनमध्येही दुपारी तीन वाजता आमची खोली भट्टी व्हायची आणि प्रोसेसर तापून मंद पडायचा. दादा खेळता खेळता म्हणायचा, "तापलं," आणि तो म्हणाला की मी हात लावून बघायचे, खरंच तापलेलं असायचं. बाबांनी एके दिवशी कॉम्प्युटरच्या डब्याची बाजूची पत्र्याची झाकणी खोलून टाकली, आतली धूळ रंगाच्या ब्रशने झाडली, आणि समोर टेबलफॅन ठेवला. आई म्हणाली, घरात माणसं घामाघूम आणि पंखा डब्याले. पण तिने पंखा हलवला नाही. ती त्या खोलीत फारशी यायची नाही, फक्त दारात उभी राहून दादाकडे बघायची. तिच्या मनात काय होतं ते आम्हाला पुढच्या रविवारी कळलं.

त्या रविवारी डोमन आला. दोन महिन्यांनी त्या खोलीत पुन्हा दोन पॅड बाहेर निघाले. हेडफोन बाजूला ठेवून आम्ही स्पीकर लावले, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे, दादाने दोनदा तपासून घेतले. आईने सकाळपासून खपून पातोडीचा, म्हणजे बेसनाच्या वड्यांचा, रस्सा केला होता, त्याचा वास घरभर होता. बाबा मुद्दाम पेपर घेऊन बसले होते, पण पान उलटत नव्हते. खेळ सुरू झाला. दादा पहिली लढत जिंकला. दुसरी जिंकला. तिसरी, चौथी. मी टाळ्या वाजवत होते. पाचव्या लढतीत पहेलवानाने डोमनच्या लाठीवाल्याला उचलून आपटलं, आणि दादाने पॅड सतरंजीवर ठेवून दिलं.

"डोमन," तो म्हणाला, "तूने बटन छोड़ दिया."

"नहीं यार. तेरा हाथ जम गया है फिर से."

"तेरे अंगूठे की आवाज़ आती है मेरे को. हर बार आखिरी में बंद हो जाती है."

डोमन माझ्याकडे बघू लागला. मला खरंच काही माहीत नव्हतं. मग त्याची नजर माझ्या पलीकडे, स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली आणि तिथून परत खाली आली. तो बिचारा मुळात सरळ मुलगा. "चाची ने बोला था," तो पुटपुटला. "पहले-पहले जीतने देना, बोली थी."

आई दारात उभी होती, हातात पळी. तिने पदराचं टोक तोंडाशी नेलं. बाबांनी पेपर खाली केला, त्यांना शब्द ऐकू गेले नव्हते, पण काहीतरी झालं हे कळलं होतं. मला वाटलं संपलं. एवढं सगळं केलं आणि आता हा पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडणार.

दादाने आईच्या दिशेला मान वळवली. "आई," तो म्हणाला, आवाज चढवला नाही, "तू चांगल्यासाठी सांगितलं. पण आता कोणाले नको सांगजो. गाणं शिक म्हणणारे आणि मले जिंकू देणारे, सारखेच व. मले हरता आलं पायजे. तेवढं राहू दे माह्यापाशी."

आई आत गेली नाही, तिथेच दाराला टेकून खाली बसली, पळी मांडीवर ठेवून. दादाने चाचपून पॅड उचललं. "चल," तो डोमनला म्हणाला. "अब ठीक से."

डोमन ठीक से खेळला. दोन महिने तो आपल्या भावाच्या त्या अडखळत्या मशीनवर रोज खेळत होता, आणि दादाच्या हाताला गंज चढला होता. त्याने दादाला धुऊन काढलं. पहेलवान घेतला तर पहेलवानाला, घुंगरूवाली घेतली तर तिला. दादाच्या कानशिलांवरून घाम निथळत होता, तो पुढे झुकला होता, ओठ हलत होते, तो मोजत होता. कधी एखादा फटका बरोबर बसला की "हं" करायचा, आणि पुढच्याच क्षणी आपटला जायचा. स्पीकरमधला प्रत्येक धप् नेमका, तुटक आणि वेळेवर होता. अकरा लढती झाल्या. अकराही तो हरला. शेवटी त्याने पॅड ठेवलं तेव्हा त्याचे अंगठे लाल झाले होते आणि तो हसत होता, तोंड उघडं टाकून, लहानपणी हसायचा तसा. तो आवाज मी विसरूनच गेले होते.

डोमन चोरट्यासारखा उठला आणि चपला शोधू लागला. त्याच्या पावलांचा आवाज दाराशी गेला तशी दादाने मान तिकडे वळवली.

"कल कितने बजे आएगा?" त्याने विचारलं.